बियापासून झाडं लावाची आहेत, गावच्या बागेसाठी कोणती घेऊ?

धुऱ्यावरचा
राजेहो, यवतमाळकडचं गाव आमचं, सारी काळी माती. शाळेमागं ग्रामपंचायतीची अर्धा एकर जागा रिकामी पडून आहे, तिथं बाग कराचं ठरलं. दोन वर्षांआधी विकतची मोठी रोपं लावली होती, एप्रिलात सगळी वाळली, उपटून पाहिली तर मुळ्या पिशवीत गोल गुंडाळलेल्या त्या तशाच. म्हणून यंदा पोरांच्या हातानं बियापासूनच करावं म्हणतो. फुलं पायजेत, सावली पायजे, पाणी एका हापशीचं. बहाव्याच्या शेंगा बम भेटल्या पण मागच्या साली टाकलेली एक बी उगवली नाही. सरपंच म्हणतात गुलमोहरच लावा. काय करू?

रोपवाली ताई
भाऊ, बी वाईट नव्हती, तिचं कवच लय टणक असते. शेंग फोडली की आत चकत्या चकत्यांचे कप्पे अन काळा चिकट गर, तो धुऊन काढा. पाणी खळखळ उकळवा, खाली उतरवा अन मग त्यात बिया टाका, चुलीवर ठेवून शिजवू नका. २४ तास तसंच राहू द्या. फुगल्या त्या लगेच पेरा. पिशवीत गाळाची माती, रेती अन कुजलेलं शेणखत, बी अर्धा इंच खोल, बस. फूल दिसायला पाच-सात वर्षं लागतील पण मे महिन्यात पिवळे घोस लोंबले की पोरं विसरणार नाहीत. लवकर फूल पायजे तर कांचन टाका, त्याला गरम पाणी लागत नाही, सहज उगवते.

मास्तर वर्धा
गुलमोहर दिसायला देखणाच, मला स्वतःला आवडतो, पण आहे तो मादागास्करचा, मुळं उथळ अन लाकूड ठिसूळ. मोठं वादळ आलं की फांदी आधी त्याचीच पडते, अन इथं तर खाली पोरं खेळणार. लावाचाच असेल तर एखादा कोपऱ्यात लावा. सावलीले कडुनिंब अन करंज घ्या. फक्त निंबोळी जुनी ठेवू नका, पिकून पडली की गर धुवा, सावलीत सुकवा अन दोन आठवड्यांच्या आत पेरा, नंतर तिच्यात जीव राहत नाही.

कास्तकार ४४
पळस कोणी कसा नाही सांगितला? फेब्रुवारी-मार्चमध्ये एक पान नसते अन झाड पेटल्यासारखं दिसते. पळसपापड्या आता मे-जूनमध्ये झाडाखालीच भेटतात, ताज्याच घ्या, अन पिशवीत नाही, सरळ खड्ड्यात लावा, कारण सोटमूळ आधी खाली धावते अन हलवलं की झाड रुसते. हापशीचं सांडपाणी जिथं जिरते तिथं ताम्हण लावा, आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल आहे, पण ओल पायजे त्याले, कोरड्यात नाही जमत. काळ्या मातीत खड्ड्याच्या तळाशी मुरूम टाका नाहीतर पावसात पाणी साचून मूळ सडते, अन उन्हाळ्यात बुडाशी सोयाबीनचं कुटार पसरा, भेगा पडत नाहीत. बकऱ्यांसाठी बोरीच्या काट्या आत्ताच तोडून ठेवा.

धुऱ्यावरचा
ताई, काल संध्याकाळी ४० बिया टाकल्या, आज पाहिल्या तर ११ टम्म फुगल्या, दुप्पट झाल्या! बाकीच्या २९ तशाच चकचकीत. फेकू का? सरपंचांले कोपऱ्यातला गुलमोहर कबूल आहे.

रोपवाली ताई
अजिबात फेकू नका. पुन्हा एकदा उकळत्या पाण्यातून काढा, तरी नाही फुगल्या तर खरखरीत दगडावर एका बाजूनं घासा, आतला पांढुरका भाग जरासा दिसला की थांबा, अन जिथून कोंब येतो ते टोक घासू नका. मग साध्या पाण्यात रातभर. रोपं पुढच्या जूनपर्यंत पिशवीत ठेवा, पण मधात एकदोनदा पिशव्या उचलून जागा बदला म्हणजे मुळं खालच्या जमिनीत घुसत नाहीत. अन फुगलेल्या ११ आजच पेरा, उद्यावर टाकू नका.