विषय: मंगळवार पेठेतलं लेथ आणि शेजारची तक्रार

मंडळातल्या सर्वांना नमस्कार,

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं घर आहे, खाली बाबांचं लेथचं वर्कशॉप. बाबा गेल्यापासून दादा चालवतो. शेजारचा वाडा पाडून अपार्टमेंट झालं आणि तिथल्या लोकांनी अर्ज दिलाय, रहिवासी भागात कारखाना कसा म्हणून. दादा फोनवर नीट बोलतसुद्धा नाही. इथे न्यू जर्सीत आमच्या रस्त्यावर घरांच्या मधोमध जुनं गॅरेज आहे, टाउन त्याला हात लावत नाही. तिकडेही असं संरक्षण मिळतं का?

– पेठेतली लेक, न्यू जर्सी

ताई, नमस्कार.

माझं बालपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात यंत्रांच्या आवाजात गेलं, आणि इथे काही वर्षं टाउनच्या झोनिंग बोर्डावर, म्हणजे कुठल्या भागात काय चालेल ते बघणाऱ्या मंडळावर, होतो. त्यामुळे तुमची मेल वाचून झोप लागेना.

त्या गॅरेजला न्यू जर्सीच्या 1975 च्या जमीनवापर कायद्याचा आधार आहे. झोनिंगचा नियम येण्याआधी कायदेशीरपणे चालू असलेला धंदा पुढे चालवता येतो, मालक बदलला तरी. मात्र धंदा आधीपासूनचा आहे हे सिद्ध करायचं मालकानेच, आणि वाढवायचा तर बोर्डापुढे यायचं. सगळीकडे एवढी मोकळीक नाही. लॉस एंजेलिसने 1946 साली अशा काही धंद्यांना पाच वर्षांची मुदत दिली. प्लंबिंगच्या सामानाच्या एका व्यापाऱ्याविरुद्ध शहर कोर्टात गेलं आणि 1954 मध्ये व्यापारी हरला.

कोल्हापूरला यातलं काही लागू नाही. तिथे 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. कलम 43 सांगतं, विकास आराखडा करण्याचा इरादा जाहीर झाल्यावर परवानगीशिवाय जमिनीचा वापर नव्याने सुरू करायचा नाही, बदलायचा नाही. लेथ त्याच्या आधीपासून फिरत असेल तर दादाने दोन्हीपैकी काही केलेलं नाही. वकिलाने हाच मुद्दा धरावा असं मला वाटतं. कलम 56 खाली परवानगी असलेला वापरसुद्धा नोटीस देऊन थांबवता येतो, पण त्यात अपील आणि भरपाईची तरतूद आहे. नोटीस आली तर त्यावरचं कलम आधी बघा, आणि मुदत चुकवू नका.

म्हणून सगळं तारखेवर आहे. जुन्या घरफाळ्याच्या पावत्या, थ्री फेजची लाईट बिलं, शॉप अ‍ॅक्टचा दाखला, बाबांची बिलबुकं, जे सापडेल ते. महापालिका 1972 ची, त्याआधीच्या पावत्या नगरपालिकेच्या नावाने असतील, त्या रद्दी समजून टाकू नका! नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशाही काढा.

आणि आवाज. त्याचे नियम वेगळे, 2000 सालचे: रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा 45. धंदा कितीही जुना असला तरी यातून सुटका नाही. शेजाऱ्यांची लहान पोरं असतील, त्यांचंही खरं आहे. दादाला म्हणावं, रात्रीचं काम आजपासून बंद, मशीनखाली रबरी पॅड घाल, आणि एकदा स्वतः वर जाऊन त्यांना भेट.

– उद्यमनगरचा काका

काका,

काल रात्रभर आईने माळ्यावरची ट्रंक उपसली. बाबांच्या हातची 1964 पासूनची बिलबुकं निघाली, सुतळीने बांधलेली. दादा नवीन मशीन इथेच बसवणार होता, ते आता शिरोलीला भाड्याच्या गाळ्यात बघतोय. झोन दाखल्याचा अर्ज सोमवारी देतोय. रविवारी शेजारी चहाला येणार आहेत, आईने बोलावलंय.