इंजेक्शन मोल्डिंग: वाकणाऱ्या कव्हरसाठी डीओई (डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स, म्हणजे नियोजित प्रयोग) कशी आखू? (मदत हवी आहे)

मंडळी, चाकणला एका छोट्या मोल्डिंग शॉपमध्ये क्वालिटी बघतो. पॉलीप्रॉपिलीनचं चपटं कव्हर आहे, दोन कॅव्हिटींचा मोल्ड, म्हणजे एका शॉटला दोन पार्ट. निघताना सरळ असतं, गार झालं की कोपरे उचलतात. शिवाय रिबच्या (आधारपट्टीच्या) मागे सिंक मार्क, म्हणजे खळगा. होल्डिंग प्रेशर (मोल्ड भरल्यावर धरून ठेवलेला दाब) वाढवलं की सिंक जातो, पण पार्टिंग लाइनला (मोल्डचे भाग जुळतात तिथे) फ्लॅश, म्हणजे जादा प्लास्टिकची कड, येतो. सेटर अनुभवी आहेत, पण प्रत्येक शिफ्टचं सेटिंग निराळं. एक आकडा बदलायचा, चार शॉट बघायचे, मग दुसरा. अशाने इंटरअॅक्शन (दोन घटकांचा एकत्रित परिणाम) कधीच हाती लागणार नाही.

घटक पाच: मेल्ट टेंपरेचर, मोल्ड टेंपरेचर, होल्डिंग प्रेशर, होल्डिंग टाइम, कूलिंग टाइम. दोन-दोन पातळ्या धरल्या तरी पूर्ण आखणीला (सगळ्या जुळण्या घेऊन) 32 रन, म्हणजे चाचण्या. मशीन एवढा वेळ कोण देणार? सगळे तागुचीचा एल8 (8 रनची तयार आखणी) सुचवतात, पण 8 रनमध्ये पाच घटक कोंबले की मुख्य परिणाम जोड्यांच्या परिणामांत मिसळतात ना? माझा संशय नेमका मोल्ड टेंपरेचर आणि होल्डिंग प्रेशरच्या जोडीवर आहे. शिवाय मोल्ड टेंपरेचर बदललं की स्थिर व्हायला वेळ लागतो. रँडम क्रमाने रन घेतले तर शिफ्ट त्यातच जाईल. काय करू?

प्रतिसाद १:
संशय रास्त आहे, एल8 नको. पण आधी होल्डिंग टाइम यादीतून काढा. तो थोडाथोडा वाढवत पार्टचं वजन करा, रनर (गेटपर्यंतच्या वाटेत गोठलेलं प्लास्टिक) सोडून. वजन वाढायचं थांबलं की गेट (पार्टमध्ये प्लास्टिक शिरतं ते तोंड) गोठला. त्याच्या जरा पुढची वेळ कायम ठेवा. उरले चार घटक, म्हणजे 16 रनमध्ये पूर्ण आखणी आणि सगळ्या जोड्या सुट्या.

मोल्ड टेंपरेचर दर रनला बदलू नका. ते एका पातळीवर ठेवून बाकीचे रँडम घ्या, मग दुसरी पातळी. निदान दोनदा तरी वरखाली करा. याला स्प्लिट-प्लॉट म्हणतात. विश्लेषण करताना सॉफ्टवेअरला तसं सांगा, नाहीतर मोल्ड टेंपरेचरचा परिणाम आहे त्यापेक्षा खात्रीचा दिसेल.

प्रतिसाद २:
सेटिंग बदलल्यावरचे सुरुवातीचे शॉट टाकून द्या. पीपी (पॉलीप्रॉपिलीन) नंतरही आकसत राहतं, म्हणून सगळे पार्ट सारखाच वेळ, निदान 24 तास, ठेवून मोजा. कॅव्हिटींची नोंद वेगवेगळी.

धागाकर्ता:
वजनाचं उद्याच करतो. कोपऱ्याची उचल सरफेस प्लेटवर (अचूक सपाट पाट्यावर) ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजली तर चालेल, की हाइट गेजच हवा?