नलिफिकेशन आणि सेसेशन: अमेरिकेत नेमकी रेघ कुठे आहे?

शंकासुर:
अमेरिकेच्या यादवीवर वाचताना 'राज्यांचे हक्क', 'नलिफिकेशन' (राज्याने केंद्राचा कायदा रद्दबातल ठरवणं) आणि 'सेसेशन' (राज्याने संघातून फुटून निघणं) हे तिन्ही शब्द एकाच पिशवीत कोंबलेले दिसतात. १८३२ साली साउथ कॅरोलायनाने केंद्राचे जकात कायदे रद्दबातल ठरवले, इथपर्यंत ठीक. पण चार्ल्सटन बंदरातली जकात केंद्राचेच अधिकारी वसूल करायचे. मग राज्य ती अडवणार होतं कशी? आणि आज कोलोरॅडोत गांजा चालतो, केंद्राच्या कायद्याने तो गुन्हा आहे. हेही नलिफिकेशनच ना?

कलमकसाई:
खरी गंमत त्या 'कशी'मध्येच आहे. तेव्हा आयातदार बहुतेकदा जकातीचा रोखा लिहून द्यायचा, माल उचलायचा आणि पैसे मुदतीत भरायचा. २४ नोव्हेंबर १८३२ च्या ठरावाने १८२८ आणि १८३२ चे जकात कायदे १ फेब्रुवारी १८३३ पासून राज्यापुरते शून्य केले. बेत असा: व्यापाऱ्याने पैसे थकवायचे, माल जप्त झाला तर राज्याच्या कोर्टातून सोडवून आणायचा. तिथल्या ज्यूरीने हा ठराव पाळण्याची शपथ घेतलेली. सुप्रीम कोर्टात अपील करू म्हटलं, तर त्यासाठी लागणाऱ्या नोंदींची नक्कल द्यायलाच मनाई. शिवाय केंद्राने बळ वापरलं तर आम्ही संघातून बाहेर, ही धमकी शेवटी होतीच. ठराव विधिमंडळाने केला नाही, खास निवडलेल्या अधिवेशनाने केला. १७८८ मध्ये राज्याने संघाची घटना स्वीकारली ती अशाच अधिवेशनात, तेव्हा नाकारण्याचा अधिकारही त्याचाच, असा साउथ कॅरोलायनाचा पुढारी जॉन कॅल्हून याचा युक्तिवाद.

यावर राष्ट्राध्यक्ष जॅक्सनचं उत्तर म्हणजे फोर्स बिल, जकात वसुलीसाठी बळ वापरायची मुभा देणारा कायदा. जकात कचेरी सुरक्षित जागी हलवायची, वेळ पडली तर जहाजावर. जकात रोखच घ्यायची. खटले केंद्राच्या कोर्टात न्यायचे. रोखाच नाही तर थकवणार काय, आणि माल पाण्यावर असताना राज्याचा शेरीफ तो सोडवणार कुठून? २ मार्च १८३३ ला या कायद्यावर आणि सिनेटर हेन्री क्लेच्या तडजोडीच्या जकात कायद्यावर एकाच दिवशी सही झाली. चढे दर १८४२ पर्यंत टप्प्याटप्प्याने २० टक्क्यांवर आणायचे ठरले. १५ मार्चला अधिवेशनाने ठराव मागे घेतला आणि १८ मार्चला फोर्स बिलच रद्दबातल ठरवलं. पडलो तरी नाक वर!

तळटीप:
गांजाचं उत्तर: नाही. मदत न करणं वेगळं आणि अडवणं वेगळं. केंद्र राज्याच्या यंत्रणेला स्वतःच्या कामाला जुंपू शकत नाही, हे प्रिंट्झ (१९९७) आणि मर्फी (२०१८) या निकालांत स्पष्ट आहे. बीज १८४२ च्या फरारी गुलामांविषयीच्या प्रिग निकालात. कोलोरॅडोने फक्त स्वतःची शिक्षा काढून टाकली. केंद्राचा कायदा शाबूत आहे, तो घरी लावलेल्या रोपालाही लागू होतो (राइच निकाल, २००५), आणि केंद्राचे अधिकारी धाड घालायला आले तर राज्य आडवं येत नाही.

चूक कुठे होते ते मिसूरीत बघा. २०२१ च्या कायद्यात त्यांनी पोलिसांना 'केंद्राचे बंदूक कायदे राबवू नका' एवढंच सांगितलं असतं तर निभावलं असतं. पण ते कायदेच राज्यात अवैध असल्याचं जाहीर केलं, वर राबवणाऱ्या पोलीस खात्याला ५०,००० डॉलर दंड. २०२४ मध्ये केंद्रीय अपील कोर्टाने तो कायदा बाद ठरवला. मदत नाकारायला हरकत नव्हती, हरकत 'अवैध' या शब्दाला होती.

बोरूबहाद्दर:
सेसेशनबद्दल. नलिफिकेशन म्हणजे घरात राहून हुकूम न मानणं, सेसेशन म्हणजे घर सोडणं. कॅल्हून पहिलं मांडत होता ते दुसरं टळावं म्हणून.

'यादवी राज्यांच्या हक्कांसाठी झाली' हे मात्र कागदावर टिकत नाही. १८५० च्या दशकात केंद्राचा फरारी गुलाम कायदा (पळालेल्या गुलामांना मालकाकडे परत धाडणारा) झुगारला तो उत्तरेकडच्या विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने, आणि १८५९ मध्ये एबलमन विरुद्ध बूथ खटल्यात केंद्राची बाजू एकमताने उचलून धरणारं कोर्ट होतं सरन्यायाधीश टॉनीचं, गुलामीच्या बाजूने ड्रेड स्कॉट निकाल देणारं. साउथ कॅरोलायनाने २० डिसेंबर १८६० ला १६९ विरुद्ध ० मतांनी संघ सोडला. चारच दिवसांनी काढलेल्या जाहीरनाम्यात तक्रार काय, तर उत्तरेकडची राज्यं केंद्राचा हाच फरारी गुलाम कायदा पाळत नाहीत! पुढे फुटलेल्या दक्षिणी राज्यांच्या घटनेतही राज्याला फुटून निघण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत कुठेच नाही.

शंकासुर:
मग जेफरसन-मॅडिसनचे १७९८ चे ठराव, म्हणजे केंद्राच्या कायद्यांना विरोध करणारे केंटकी आणि व्हर्जिनियाचे? नलिफायर मंडळी त्यांचाच आधार घेत होती.

कलमकसाई:
घेत होती, अर्धवट. 'नलिफिकेशन' हा शब्द केंटकीच्या १७९९ च्या ठरावात आहे, व्हर्जिनियाच्या ठरावात नाही. व्हर्जिनियाचा ठराव मॅडिसनने लिहिलेला, आणि त्यात मध्ये पडायचं आहे ते 'राज्यांनी', अनेकवचनी. जेफरसन १८२६ मध्ये वारला, त्यामुळे त्याच्या नावावर काहीही खपवता आलं. मॅडिसन हयात होता. एकट्या राज्याला असा अधिकार नाही, हे त्याने १८३० सालीच छापून आलेल्या पत्रात सांगून टाकलं.