विषय: पिकअपचे मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) बसलेत, नवे कुठले घ्यावेत?

प्रेषक: अ. (ट्रॉय, मिशिगन)

मंडळी, नमस्कार.

गणपतीचं सामान ज्या पिकअपमधून जातं ती आमची २००३ची टोयोटा टाकोमा, फोर बाय फोर, मागून पार बसली आहे. रिकामी असतानाही शेपूट खाली. ढोल, मखराच्या फ्रेम आणि जनरेटर चढवला की हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतात आणि खड्ड्यात मागून धाडकन आवाज येतो. गॅरेजवाला म्हणतो, हेवी ड्यूटी पाटे टाक आणि मोकळा हो. पण एरवी वर्षभर गाडीत मी एकटा आणि फार तर बागेच्या मातीच्या पिशव्या. शॉकअपही मूळचेच आहेत. कोणी हे काम केलंय का? बजेट बेताचं आहे.

---

प्रेषक: म. (कॅन्टन)

अरे, पूर्ण संच कशाला? एक जादा पाटा घाल. जुना संच तसाच ठेवायचा, मध्ये एक पाटा सरकवायचा, पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट नवा. माझ्या फोर्ड रेंजरला तेच केलंय. रिकामी असताना जरा उडते, पण चालतं. शॉक डोळे मिटून बिल्स्टीन कंपनीचे ५१००.

---

प्रेषक: काका (नोव्हाय)

प्रिय अ.,

पाटे मागवण्याआधी हातोडी घेऊन गाडीखाली जा. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ असतं, ते सगळं तिथेच साठतं. पाट्याचं पुढचं हँगर आणि मागचं शॅकल (पाट्याची टोकं चेसिसला धरणारे भाग) जिथे बसतं, तिथली चेसिस ठोकून बघ. खणखणीत वाजली तर पुढचं वाच. बद्द वाजली किंवा गंजाचे पापुद्रे सुटले, तर नव्या पाट्यांवर एक डॉलरही घालू नकोस. या गाड्यांच्या चेसिसच्या गंजासाठी टोयोटाने २००८ मध्ये १५ वर्षांची वाढीव हमी दिली होती, आधी १९९५ ते २०००च्या मॉडेलना आणि नंतर २००४पर्यंतच्या. तुझ्या गाडीची ती मुदत केव्हाच उलटली.

चेसिस ठीक असेल तर मोजमाप कर. सपाट जागेवर, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत, चारही चाकांना. ड्रायव्हर आणि पेट्रोलची टाकी एकाच बाजूला, त्यामुळे डावीकडे थोडी खाली असेल, त्याची काळजी नको. मग ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे वजनकाट्यावर, गाडी एकदा रिकामी आणि एकदा ढोलांसकट उभी कर. मागच्या ॲक्सलवरचं वजन पावतीवर वेगळं छापून येतं. ते दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरशी ताडून बघ. पाटे कितीही जाड घातलेस तरी स्टिकरवरची मर्यादा वाढत नाही, कारण ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर तेच राहतात. हे गॅरेजवाले सांगत नाहीत.

म.ने सुचवलेला जादा पाटा बाकीचे पाटे धड असतील तर ठीक. इथे सगळा संच थकलाय. नवा ताठ पाटा मध्ये घालणं म्हणजे म्हाताऱ्या बैलांत एक खोंड जुंपणं: ओढ सगळी त्याच्यावर. उंची मिळेल, पण थोड्याच दिवसांत पुन्हा बसेल. पूर्ण संच घे, दोन्ही बाजूंचा एकदम, आणि मूळ ताकदीचाच. पाटे वर्षभराच्या भारावर निवडायचे, विसर्जनाच्या दिवसाच्या नाही. हेवी पाट्यांवर रिकामी पिकअप ओल्या वळणावर मागून उसळते आणि चाकाची पकड सुटते. गणपतीपुरती मदत हवी असेल तर चेसिस आणि ॲक्सलच्या मध्ये बंप स्टॉपच्या (ॲक्सल चेसिसवर आदळू नये म्हणून असलेल्या रबरी ठोकळ्याच्या) जागी बसणारे जाड रबरी स्प्रिंग मिळतात, टिंब्रेनसारखे. भार चढला की ते काम करू लागतात, एरवी बहुतेक गप्प. एअर बॅगही चालतात, पण त्यांत हवा कायम थोडी तरी ठेवावी लागते, आणि गळती शोधत बसायची हौस कोणाला?

आता मुख्य गोष्ट. मागच्या ॲक्सलवरून चेसिसकडे जाणारी एक सळई दिसेल. ती ब्रेकच्या लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची. गाडी मागून दबली की व्हॉल्व्ह समजतो भार आहे, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. तुझी गाडी आत्ता रिकामी असूनही दबलेली आहे, म्हणजे बर्फावर जोरात ब्रेक दाबलास तर मागची चाकं आधी अडकू शकतात. आणि पाटे बदलून ती मूळ उंचीच्या वर गेली तर उलटं होईल: ढोल भरलेले असताना व्हॉल्व्ह रिकामी समजेल, मागचे ब्रेक कमी लागतील, सगळा ताण पुढच्यांवर येईल. म्हणून पाटे बसल्यावर तो व्हॉल्व्ह मॅन्युअलप्रमाणे जुळवून घे. "ही सळई काढूनच टाक" असं कोणी म्हणालं तर त्याच्याकडे गाडी देऊ नकोस.

पाटे ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट नवेच घ्यायचे, जुने एकदा ताणलेले असतात. बुशचे, म्हणजे पाट्याच्या टोकांतल्या रबरी नळ्यांचे, बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच पूर्ण आवळायचे. लटकत्या ॲक्सलवर आवळलेस तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. काही आठवडे गाडी चालली की यू बोल्ट परत आवळून घे.

---

प्रेषक: म. (कॅन्टन)

काका, बैलाची उपमा पटली. पण माझ्या बिल्स्टीनबद्दल एक अक्षर नाही!

---

प्रेषक: काका (नोव्हाय)

चांगलेच आहेत, फक्त त्याला नकोत. ५१०० मुख्यतः उंची वाढवलेल्या (लिफ्ट केलेल्या) गाड्यांसाठी बनतात. हा मूळ उंचीवर राहणार, त्याला त्यांचेच ४६०० बसतील, किंवा केवायबी कंपनीचे दुहेरी नळीचे (ट्विन ट्यूब), स्वस्त आणि मऊ. शॉक वजन उचलत नाही, पाट्याची उसळी आवरतो. म्हणून आधी पाटे बसवायचे, उंची मोजायची, मग लांबीप्रमाणे शॉक मागवायचे. जुन्या शॉकवर तेलाचे ओघळ दिसले तर मात्र थांबू नये. आणि बंपर दाबून "दोनदा उसळली, शॉक गेला" हे पिकअपला फारसं लागू पडत नाही.

---

प्रेषक: अ. (ट्रॉय)

काका, खूप आभार. आत्ताच ठोकून आलो. दोन्ही हँगर खणखणीत, मागचं उजवं शॅकल मात्र गंजलंय, तेही संचाबरोबर मागवतो. सळई सापडली! शनिवारी वजनाला नेतो. टॉर्क पाना कोणाकडे आहे का?

---

प्रेषक: व. (ट्रॉय, सामान समिती)

पाना आमच्या ह्यांच्याकडे आहे. ढोल न्यायचे तर स्टोरेजची किल्ली माझ्याकडून घ्या. ताशे मोजून न्या, मोजून आणा. गेल्या वर्षीच्या दोन टिपऱ्या अजून सापडलेल्या नाहीत.