मदत हवी आहे: कॉकटेल रात्री पिंजऱ्यात आपटतोय, नवा पिंजरा कसला घेऊ? (कोल्हापूर)

राजारामपुरीकर:
घरी कॉकटेल (कॉकटिएल, तुरेवाला छोटा पोपट) आहे. पिंजरा बदलल्यापासून मध्यरात्री एकदम फडफडाट करतो, जाळीवर धडका घेतो. सकाळी तळाला पिसं पडलेली असतात, आज पंखाला रक्तही दिसलं. दुकानदार म्हणाला सवय होईल. मला सवयीची वाट बघायची नाही. कोल्हापुरात चांगला पिंजरा कुठं मिळेल आणि मापं काय घ्यावीत एवढंच सांगा. लगेच घ्यायचा आहे.

पाखरूवेडी:
रक्त थांबलंय का ते आधी लिहा. नवीन येणारं पीस मोडलं तर बरंच रक्त जातं. जागेवर कॉर्नफ्लॉवर लावून स्वच्छ कापसानं दाबून धरा, थांबलं नाही तर थेट डॉक्टरांकडं. मग हे सांगा: आताच्या पिंजऱ्याचं माप काय, टांगलाय कुठं, रात्री झाकता का?

पेठेतला_भावा:
भावा, एकटा आहे म्हणून घाबरतोय. जोडी आण, विषय संपला. आमच्याकडं जोडी आहे, रात्री एक आवाज नाही.

राजारामपुरीकर:
रक्त थांबलंय. जोडीचं मी विचारलेलंच नाही. पिंजरा मोठा आहे, रात्री व्यवस्थित झाकतो.

पाखरूवेडी:
मोठा म्हणजे किती इंच? कशानं झाकता? आणि पेठेतल्या भावा, रात्रीच्या घाबरण्याचा जोडीशी संबंध नाही. कॉकटेल या जातीलाच हा त्रास जास्त. अंधारात काही हललं, खुट्ट झालं, की झेप घेतो आणि काही दिसत नसल्यानं आपटत राहतो. दोन असले की एकामुळं दुसराही उठतो.

पेठेतला_भावा:
माझ्या डोळ्यासमोरचं सांगतोय. इंटरनेटवरचं नाही.

नियमानुसार:
पोपट पाळणं गुन्हा आहे, हे माहीत आहे ना? १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे.

पाखरूवेडी:
ती बंदी आपल्या रानातल्या हिरव्या पोपटांना आहे. कॉकटेल मूळचा ऑस्ट्रेलियाचा, इथं पिंजऱ्यातच पैदास झालेला. कायद्यासाठी वेगळा धागा काढा, इथं पक्षी जखमी आहे.

कबुतरखाना:
मांजर येत असणार. आमच्या गच्चीवरच्या खुराड्याला आधी साधी जाळी होती, बोका पंजा घालून ओढायचा. मग दुहेरी जाळी मारली. कुणाला उडीची चांगली कबुतरं हवी असतील तर सांगा.

राजारामपुरीकर:
मांजर नाही, तिसरा मजला. माप आत्ता घेतलं: गोल पिंजरा, रुंदी १४ इंच, उंची ३ फूट. स्वयंपाकघराच्या दाराजवळ हुकाला टांगलाय. रात्री जाड चादर चारी बाजूंनी, अगदी तळापर्यंत. जाळी पांढरट, जस्ताची असावी. आता मापं सांगा.

पाखरूवेडी:
आता चित्र दिसलं. उंची ३ फूट असून उपयोग नाही, कॉकटेल आडवा उडतो. पंख पसरले की दोन्ही टोकं जाळीला लागत असणार, शेपटीची पिसंही तिथंच तुटतात. एकट्यासाठी रुंदी २४ इंच, खोली १८, उंची २४ हे अगदी कमीत कमी. त्याहून मोठं परवडलं तर रुंदी वाढवा. आकार चौकोनी, कोपऱ्यात त्याला सुरक्षित वाटतं.

आज रात्रीच करण्यासारखं: हुकावरून काढून टेबलावर ठेवा. टांगलेला पिंजरा हलतो आणि तो दचकतो. एक बाजू भिंतीला, उंची साधारण आपल्या छातीएवढी. चादर पुढून उघडी ठेवा आणि खोलीत झिरोचा बल्ब लावा. उजेडात दांडी दिसली की तो परत तिच्यावर येऊन बसतो. आणि स्वयंपाकघराजवळून हलवाच. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरतो. डासांची कॉइल, धूप, उदबत्तीसुद्धा त्या खोलीत नको.

उद्यमनगरकर:
दुकानातला पिंजरा घेऊच नका. शिवाजी उद्यमनगरात स्टेनलेस ३०४ मध्ये बनवून घ्या, आयुष्यभर गंज नाही. जस्ताच्या जाळीवर पांढरी पूड धरलीय का बघा. कॉकटेल चोचीनं धरून चढतो, तेच पोटात जातं.

पेठेतला_भावा:
एवढा खर्च कशाला? जस्ताची जाळी व्हिनेगरनं घासून घ्यायची, झालं. नाहीतर पावडर कोटिंगचा तयार पिंजरा मिळतोय.

उद्यमनगरकर:
व्हिनेगरनं वरची पूड जाते, खालचं जस्त तिथंच राहतं. पावडर कोटिंग चांगलं असेल तर चालतं, पण टवका उडाला की संपलं, आणि हा पक्षी टवके काढण्यातच दिवस घालवतो.

राजारामपुरीकर:
पूड आहे. दाराजवळच्या डाखावर (सोल्डरिंगच्या जोडावर) जास्त, आणि तो नेमका तिथंच चोच घासतो.

पाखरूवेडी:
मग आजपासून हा पिंजरा बंद. डाखात शिसंही असू शकतं. नवा येईपर्यंत जुन्यात ठेवा. उलटी, सुस्ती, खूप पाणी पिणं, विष्ठेचा रंग बदलणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका. पक्षी दुखणं लपवतो, आपल्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

लक्ष्मीपुरीची_माई:
बाळा, नुसतं सूर्यफूल घालू नकोस, चरबी वाढते. धान्य बाजारात राळं मिळतं, ते आणि बाजरी दे, सोबत कोथिंबीर, मेथी, किसलेलं गाजर. काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस आणून जाळीला बांध, चोच घासायला आणि कॅल्शियमला चांगला. बोलायला शिकवायचं असेल तर पहाटे एकच शब्द रोज म्हणायचा.

राजारामपुरीकर:
माई, बोलण्याचं नंतर. समुद्रफेस आणतो. जुना पिंजरा लव्हबर्डचा आहे, छोटा, पण साध्या स्टीलचा. तात्पुरता चालेल ना? आणि दांड्या कसल्या?

पाखरूवेडी:
काही दिवस चालेल, रोज दार-खिडक्या बंद करून, पंखा थांबवून बाहेर सोडा. दांड्या पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या ओल्या फांद्यांच्या, सालीसकट. फवारणी न झालेलं झाड बघा, धुऊन उन्हात वाळवा. जाडी अर्धा ते एक इंच, मुद्दाम कमी-जास्त. दुकानातल्या एकसारख्या गोल दांडीनं तळव्यांना फोड येतात, सँडपेपरवाली तर घेऊच नका. रात्रीची दांडी सगळ्यात वर, आणि आजूबाजूला लटकती खेळणी नकोत, धडकतो तो त्यांनाच. दोऱ्याचे सुटे धागे कापून टाका.

पेठेतला_भावा:
आणि मडकं लाव भावा, आत जाऊन झोपेल.

पाखरूवेडी:
नको! मादी असेल तर एकटीही अंडी घालायला लागते, मग अंडं अडकायचा धोका. कॉकटेल घरट्यात झोपत नाही, दांडीवरच झोपतो.

उद्यमनगरकर:
फॅब्रिकेटरला असं सांगा: दोन गजांत अंतर चार सूत (म्हणजे अर्धा इंच), फार तर पाच, त्याहून जास्त झालं की डोकं अडकतं. दोन बाजूंना गज आडवे, चढायला. तार किमान २ मिमी. आतली सगळी टोकं घासून गुळगुळीत. दार वर सरकणारं नको, ते पक्षी चोचीनं उचलतो आणि मानेवर पडतं. बिजागरीचं करा, बाहेरून कडी. खाली ओढता येणारा ट्रे, त्याच्या वर जाळी.

राजारामपुरीकर:
ट्रेमध्ये वर्तमानपत्र चालेल? आणि पावसाळ्यात गॅलरीत ठेवला तर?

पाखरूवेडी:
वर्तमानपत्र उत्तम, रोज बदला, विष्ठाही नीट बघता येते. गॅलरीत नको. आपल्याकडं जुलैत आठवडाभर ऊन नसतं, ओलीनं दाण्याला बुरशी येते आणि झड आत येते. हॉलमध्ये खिडकीपासून दोन-तीन फूट आत ठेवा.

राजारामपुरीकर:
ठीक. जुन्यात हलवलाय, टेबलावर, झिरोचा बल्ब लावलाय. सकाळी उद्यमनगरात जातो. रुंदी ३० इंच सांगतोय, तेवढीच जागा आहे.

कबुतरखाना:
दुहेरी जाळी सांगायला विसरू नका.

उद्यमनगरकर:
तिसऱ्या मजल्यावर दुहेरी नको, साफ करता येत नाही. ३० इंच रुंदी असेल तर वरच्या चौकटीला मधे एक आडवी पट्टी मारून घ्या, नाहीतर झोल पडतो.