डिकीवरची अक्षरं आणि शोरूमचा बिल्ला घरीच काढायचाय, रंग न उचलता कसा काढू?

लालस्विफ्ट_सातारा
नमस्कार मंडळी. बाबांची 2013 ची लाल स्विफ्ट आता माझ्याकडे आलीये. डिकीवर उजवीकडे व्हीडीआय ही मॉडेलची अक्षरं आणि त्याच्या खाली शोरूमवाल्याच्या नावाचा प्लास्टिकचा बिल्ला आहे, त्यातली दोन अक्षरं कधीच पडलीत आणि उरलेल्यांच्या कडेला मळाची काळी रेघ बसलीये जी ब्रशने पण निघत नाही. कंपनीचा लोगो ठेवायचाय, बाकी सगळं काढायचंय. इथल्या एका गॅरेजवाल्याला विचारलं तर तो सरळ पत्र्याची पट्टी घेऊन उचकटायलाच निघाला, मी गाडी तशीच घरी आणली. बाबा दर रविवारी स्वतः धुवायचे ही गाडी, तिच्यावर ओरखडा आलेला मला अजिबात चालणार नाही. कोणी घरी केलंय का हे?

कोकणकन्या_रत्नागिरी
मी केलंय दादा, मागच्या उन्हाळ्यात आमच्या वॅगनआरचं. सगळ्यात आधी तो भाग शाम्पूने धुवून कोरडा कर, नाहीतर दोरा फिरवताना कडेची रेतीच रंगावर घासली जाते. मग हेअर ड्रायर घे, वीतभर लांबून एकेका अक्षरावर मिनिट-दीड मिनिट फिरव, एका जागी धरून ठेवू नको. पत्र्याला हात लावल्यावर चटका बसेल पण हात ठेवता येईल एवढंच गरम. मग मासेमारीचा तंगूस, जाडसर घे, दोन्ही टोकं बोटांना गुंडाळ (हातमोजे घाल, बोट कापतं) आणि अक्षराच्या मागून करवतीसारखं मागेपुढे ओढ, पत्र्याला लागूनच. जोर लावायचा नाही, दोरा अडकला तर परत गरम कर. अक्षर अलगद हातात येतं आणि राखाडी फोमचा टेप पत्र्यावर राहतो, तो परत गरम करून अंगठ्याने चोळला की रबरासारख्या गोळ्या होऊन निघतो. मला सगळ्यात जास्त वेळ यातच गेला, पूर्ण दुपार. उरलेल्या चिकटपणाला मी डब्ल्यूडी-40 (गंजलेले स्क्रू सोडवायचा तेलकट स्प्रे) लावून दहा मिनिटं ठेवलं आणि मायक्रोफायबरने पुसलं. खोबरेल तेलाने पण निघतं फक्त वेळ लागतो. रॉकेल, पेट्रोल ड्रायरच्या आसपास सुद्धा आणू नको.

पेंटरभाऊ_कोल्हापूर
ताईंनी बरोबर सांगितलंय. मी डेंटिंग पेंटिंगचंच काम करतोय, दोन गोष्टी जोडतो. भावा, पयलं बघ डिकी कधी रंगवलीय का. कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असतोय, तो सहसा उचलत नाही, पण बाहेर मारलेला रंग नीट बसलेला नसला तर टेपसंगट पापुद्रा येतोय. डिकीच्या कडेच्या रबराखाली बोट फिरव, रंगाची धार लागली तर रंगवलेली समज. लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरव, जिथं पकड ढिली तिथं पुट्टी भरलीय. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात लावू नको.
दुसरं, अक्षरं टेपवर असत्यात पण मोठ्या लोगोला काही गाड्यांत मागं पिना असत्यात, काढला की पत्र्याला भोक उघडं पडतं आणि पावसाळ्यात गंज धरतोय. तू लोगो ठेवतोयस, चांगलं करतोयस. वाचणाऱ्या बाकीच्यांनी पण ध्यानात घ्या, पोलोसारख्या गाडीत मागचा लोगो म्हणजेच डिकी उघडायचा हँडल आहे, आणि काही नव्या गाड्यांत पुढच्या लोगोमागं रडार असतंय, तिथं हात लावायचा नाही.

लालस्विफ्ट_सातारा
भाऊ, रबराखाली बोट फिरवलं, धार लागतेय. आईला विचारलं तर म्हणाली रिक्षाने मागून ठोकलं होतं तेव्हा डिकी रंगवून घेतली होती, सात-आठ वर्षं झाली असतील. आता काय करू, राहू देऊ का?

पेंटरभाऊ_कोल्हापूर
राहू दे कशाला, फक्त घाई करू नको. एक कडेचं अक्षर घे, टेप चांगला मऊ होईस्तोवर गरम कर, दोऱ्यानंच काप. कडेचा रंग जरा जरी फुगल्यासारखा दिसला तर तिथंच थांब आणि माझ्यासारख्या कुणाला तरी दाखव. आणि गार पत्र्यावर टेप ओढायचा नाही म्हणजे नाही.

लालस्विफ्ट_सातारा
झालं मंडळी! रविवारी सकाळी नऊला बसलो, दीड वाजला. आधी शेवटचा आय काढला, रंग जागेवर होता म्हणून मग बाकीचं केलं. बिल्ल्याचा टेप फार चिवट निघाला, चार वेळा गरम करावं लागलं. पण आता ऊन पडलं की व्हीडीआय अजून वाचता येतंय, तिथला लाल गडद आणि आजूबाजूचा फिका. हे जाईल का?

पेंटरभाऊ_कोल्हापूर
थोडं जाईल. आजूबाजूचा रंग उन्हानं उतरलाय, अक्षराखालचा झाकून राहिला म्हणून तसाच आहे. बारीक पॉलिशिंग कंपाउंड घे, सावलीत, गार पत्र्यावर, हातानंच. अक्षराच्या जागेवर नाही, भोवतीच्या फिक्या भागावर जास्त फिरव आणि एका जागी रगडत बसू नको, वरचा क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक थर केसापेक्षा पातळ असतोय. मग वॅक्स मार. लाल रंग लवकर उतरतोय म्हणून पुसटशी खूण राहील, उन्हात राहून वरीसभरात अजून कमी होईल.

कोकणकन्या_रत्नागिरी
आमची पांढरी होती, एका हातात गेली खूण. आणि दादा, साफसफाईच्या भरात पुढच्या काचेवरचा नंबर प्लेटसोबतचा होलोग्रामवाला स्टिकर काढू नको, तो लागतो.

लालस्विफ्ट_सातारा
नाही काढत ताई. कंपाउंड आणलंय, येत्या रविवारी बसतो. काढलेली अक्षरं आईने पुसून बाबांच्या हत्यारांच्या पेटीत ठेवलीत.