व्हीएनएस : दोन औषधं फसली की आईबापांना लगेच सांगावं का?

गोदाकाठ
माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. चौथ्या वर्षी पहिली फिट आली. पुढच्या सात वर्षांत सहा औषधं झाली. एकाने भूक मेली, दुसऱ्याने पोर वर्गात बाकावरच झोपायचं. त्या सात वर्षांत व्हीएनएसचं, म्हणजे मानेतल्या व्हेगस नसेला मशीनने करंट देण्याच्या उपचाराचं, नाव एकाही डॉक्टरने आमच्यापुढे काढलं नाही. दोन नीट निवडलेली औषधं योग्य डोसमध्ये फसली की तो अपस्मार औषधांना दाद न देणारा धरतात, ही जगभर मान्य असलेली व्याख्या आहे. माझं म्हणणं, त्याच दिवशी या उपचाराबद्दल सांगा. तिसरं औषध खुशाल सुरू करा, पण सांगा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: व्हेगस ही मेंदूपासून मानेतून हृदय-पोटापर्यंत जाणारी नस. तिच्यातले बहुतेक तंतू खालून वर, मेंदूकडे संदेश नेतात. डाव्या कॉलरबोनखाली पेसमेकरसारखं मशीन बसवतात आणि त्याची वायर मानेतल्या डाव्या नसेभोवती गुंडाळतात. डावीच, कारण हृदयाच्या ठोक्यांवर उजवीचा ताबा जास्त. साधारण दर पाच मिनिटांनी ३० सेकंद करंट जातो. अमेरिकेत याला १९९७ पासून परवानगी आहे, २०१७ पासून चार वर्षं आणि त्यावरच्या मुलांनाही.

आम्ही बसवून दोन वर्षं झाली. महिन्याला वीस-बावीस फिट यायच्या, आता सात-आठ येतात. करंट चालू असताना आवाज घोगरा होतो. परवा कविता म्हणून दाखवत होता, दुसऱ्याच कडव्यात आवाज बसला. त्याने खिशातलं लोहचुंबक काढून छातीवर दाबून धरलं, तेवढा वेळ मशीन थांबतं. कविता पूर्ण म्हटली आणि मग चुंबक काढलं. फिट येतेय असं वाटलं तर तेच चुंबक नुसतं वरून फिरवायचं, जादा करंट जातो. कधी फिट तिथेच मोडते, कधी नाही.

माणदेशी_बाप
ताई, तुमच्या मुलाला फरक पडला याचा मनापासून आनंद आहे. पण माझा याला विरोध आहे. माझ्या मुलीला मशीन बसवून तीन वर्षं झाली, फिट होत्या तेवढ्याच आहेत. खर्च नऊ लाखांच्या वर गेला, त्यासाठी विहिरीजवळचं एक एकर विकलं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत तीन महिन्यांत फिट सरासरी २८ टक्के कमी झाल्या. नावापुरता करंट दिलेल्या गटातही १५ टक्के कमी झाल्याच होत्या. दोन-तीन वर्षांत निम्म्या रुग्णांच्या फिट निम्म्यावर येतात म्हणतात, म्हणजे उरलेल्या निम्म्यांच्या येत नाहीत. पूर्ण थांबणारे तर फारच थोडे. दमलेल्या आईबापांना 'मशीन' म्हटलं की पोर बरं झालेलं दिसायला लागतं. मलाही दिसलं होतं.

ईईजी_वाचणारा
मी न्यूरॉलॉजीत काम करतो. दोन औषधं फसल्यावर पहिला प्रश्न व्हीएनएसचा नसतोच. फिट मेंदूत नेमक्या कुठून सुरू होते आणि तो भाग काढता येईल का, हे आधी बघायचं. २००१ च्या कॅनडातल्या चाचणीत टेम्पोरल लोबच्या (मेंदूच्या कानाजवळच्या भागाच्या) अपस्मारात शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के लोक वर्षअखेरीस भान हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते, नुसत्या औषधांच्या गटात ८ टक्के. अशा मुलाला आधीच मशीन बसवलं तर त्याची बरं होण्याची संधी लांबते. त्यामुळे गोदाकाठताईंशी मी अर्धाच सहमत. लगेच पाठवा, पण व्हिडिओ ईईजी (चित्रीकरणासोबत मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) आणि चांगल्या एमआरआयसाठी.

गोदाकाठ
आमचंही तेच झालं, फक्त सात वर्षं उशिरा. फिट दोन्ही बाजूंनी सुरू होतात, शस्त्रक्रिया शक्य नाही असं निघालं, म्हणून मशीन. तुम्ही म्हणता ती तपासणी तरी कुणी वेळेत सांगितली? शस्त्रक्रिया, कीटो आहार (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्ट पदार्थांचा), व्हीएनएस, तिन्ही एकाच बैठकीत सांगा. निवड आम्ही करू.

सायलीची_ताई
माझा भाऊ नैराश्यात आहे. कानाला लावायची क्लिप ऑनलाइन मिळते, ती हेच का?

ईईजी_वाचणारा
नाही. ती कानाच्या त्वचेवरून करंट देते, शस्त्रक्रियेच्या मशीनचे आकडे तिला लावू नका. नैराश्यासाठी मशीनला अमेरिकेत २००५ मध्ये परवानगी मिळाली, पण जवळपास ५०० रुग्णांच्या अलीकडच्या चाचणीत मुख्य निकषावर बंद मशीनच्या तुलनेत ठोस फरक दिसला नाही. भावाची औषधं त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.
माणदेशी, मुलीचा करंट आता किती आहे? तो हळूहळू वाढवत साधारण १.५ मिलिअँपिअरपर्यंत नेतात.

माणदेशी_बाप
फाइल काढून बघितली. ०.७५. बसवल्यावर दुसऱ्या महिन्यात केला होता, पुढे तेवढाच. आमच्या गावाहून तिथे जायला एसटीने सात तास लागतात. दोनदा गेलो तर सेटिंग करणारा माणूस नव्हता, मग जाणंच सुटलं. करंट वाढवत न्यायचा असतो हे आम्हाला कुणी बोललं नाही.

डॉक्टर, माझं मत बदललेलं नाही, उलट पक्कं झालंय. मशीन सुचवणाऱ्याने आधी विचारावं, दर दोन-तीन आठवड्यांनी येणं जमेल का, आणि जवळ सेटिंग करणारं कुणी आहे का. सोमवारी फोन लावतो.

गोदाकाठ
हे मला पटलं. जाताना फिटची डायरी न्या, तारीखवार. करंट वाढवल्यावर ती खोकली तर तिथेच सांगा, थोडा खाली आणून पुन्हा चढवता येतो. आमच्याकडे तीनदा आणला.